अमेरिकन कॉलेजात रायटिंग प्रोग्राम चालवायचा तर

अमेरिकेतल्या कॉलेजात इंजिनीअरिंगला जा की नर्सिंगला, पहिल्या वर्षी लेखनाचा एक तरी वर्ग बहुतेकांच्या वाट्याला येतोच. हार्वर्डने १८७४ मध्ये प्रवेशपरीक्षेत लेखन आणलं, १८८५ मध्ये पहिल्या वर्षाला ‘इंग्लिश ए’ हा वर्ग सुरू झाला, आणि पुढे ही पद्धत देशभर पसरली. आज एखाद्या मध्यम आकाराच्या विद्यापीठात या एकाच विषयाच्या साठ-सत्तर तुकड्या वर्षाला भरतात. त्या शिकवणाऱ्यांत पीएचडी करणारे टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट, असतात, करारावरचे पूर्णवेळ लेक्चरर असतात, आणि आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांसारखे अ‍ॅडजंक्ट असतात. या सगळ्यांचं काम एका धाग्यात ओवणारा माणूस म्हणजे रायटिंग प्रोग्रामचा डायरेक्टर.

मराठी माणूस या वाटेवर बहुधा टीए म्हणून पोचतो. पीएचडीला येतो, पहिल्याच ऑगस्टमध्ये वीस मुलांचा वर्ग अंगावर पडतो, शिकवणं आवडायला लागतं आणि चार वर्षांनी असिस्टंट डायरेक्टरची जागा समोर येते. तिथून पुढे हेच काम करिअर म्हणून करायचं असेल, तर एक गोष्ट आधी नीट समजून घ्यावी लागते. या पदावर जबाबदारी खूप आहे आणि हुकमाची सत्ता जवळजवळ नाही. पैसे डीनच्या हातात, नेमणुका विभागप्रमुखाच्या सहीने, ग्रेड शिक्षकाच्या अधिकारात. डायरेक्टरकडे उरतात त्या तीन गोष्टी: आकडे, लेखी कागद आणि शिकवणाऱ्यांचा विश्वास. काम टिकतं ते या तिघांवर.

वाट कशी धरायची

पूर्णवेळ डायरेक्टरच्या जाहिरातींत सहसा ऱ्हेटरिक अँड कॉम्पोझिशनमधली, म्हणजे लेखन आणि ते शिकवण्याच्या अभ्यासातली, पीएचडी मागतात. साहित्यात पीएचडी करणाऱ्यालाही ही जागा मिळते, पण मग अर्जात प्रशासनाचा पुरावा जास्त ठळक लागतो. पीएचडीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी असिस्टंट डायरेक्टरची एक-दोन वर्षं मिळवा. ती मिळत नसेल तर नव्या टीएंचा मेंटर व्हा, रायटिंग सेंटरमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांना लेखनात मदत करणाऱ्या केंद्रात, काम करा, नाहीतर निबंध एकत्र वाचून होणाऱ्या मूल्यमापनात वाचक म्हणून बसा. मात्र ‘समितीचा सदस्य होतो’ एवढ्या ओळीला निवड समितीत काही वजन नसतं. तुम्ही तयार केलेलं काहीतरी दाखवता आलं पाहिजे: टीएंसाठीची मार्गदर्शिका, ग्रेडिंगचा तक्ता, मूल्यमापनाचा अहवाल. अशा प्रत्येक कागदाची प्रत पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.

विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी आणखी दोन बाबी लवकर समजून घ्याव्यात. इंग्रजी आणि कॉम्पोझिशनच्या पदव्या स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, गणिताच्या) यादीत येत नाहीत. त्यामुळे ओपीटी, म्हणजे पदवीनंतर काम करायची परवानगी, बारा महिन्यांचीच मिळते, इंजिनीअर मित्रांसारखी वाढत नाही. विद्यापीठांना एच-वन-बीच्या वार्षिक कोट्याची आणि लॉटरीची अट लागत नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा. ग्रीन कार्डासाठी कॉलेज शिक्षकांना ‘स्पेशल हँडलिंग’ नावाची सोपी वाट आहे, पण तिथे निवड झाल्यापासून अठरा महिन्यांच्या आत अर्ज जावा लागतो आणि पदात प्रत्यक्ष वर्गात शिकवणं असावं लागतं. डायरेक्टरची जागा निव्वळ प्रशासकीय म्हणून लिहिली गेली तर ही वाट बंद होऊ शकते. म्हणून नेमणूकपत्रात निदान एक वर्ग शिकवण्याचा स्पष्ट उल्लेख करून घ्या, आणि सही करण्याआधी तो मसुदा विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला दाखवा. नियम बदलत असतात, पण चुकीचा शब्द नेमणूकपत्रात एकदा बसला की नंतर काढणं फार अवघड जातं.

ऑफर आली की काय मागायचं

इथे संकोच महागात पडतो. आपल्याकडे नोकरी मिळाली की ‘काम दिसलं की मान मिळेल’ असं समजून गप्प बसण्याची सवय असते. या पदावर काम दिसतच नाही. वेळापत्रक बिनबोभाट लागलं आणि तक्रारी डीनपर्यंत गेल्या नाहीत, तर कुणाला वाटतं की इथे करण्यासारखं काही नव्हतंच.

पहिली मागणी शिकवण्याच्या भारात सवलतीची, म्हणजे कोर्स रिलीजची. विभागात इतरांना सत्राला दोन वर्ग असतील तर डायरेक्टरला एक. साठ तुकड्यांच्या प्रोग्रामला याहून कमी सवलतीत हात घालू नका. दुसरी उन्हाळ्याच्या मानधनाची. अमेरिकेत प्राध्यापकाचा करार सहसा नऊ महिन्यांचा असतो, पण जून ते ऑगस्टमध्ये नव्या टीएंचं प्रशिक्षण, ऐनवेळच्या नेमणुका आणि प्रवेशांची गर्दी डायरेक्टरच्याच दारात येते. तिसरी माणसांची: एक असिस्टंट डायरेक्टर आणि निदान अर्धवेळ कार्यालयीन मदतनीस. चौथी, प्रोग्रामचं स्वतंत्र अंदाजपत्रक, भले ते छोटं असेना. आणि पाचवी, हे पद किती वर्षांचं आणि तुमचं मूल्यमापन कोण करणार, हे लेखी.

टेन्युअर, म्हणजे कायम नेमणूक, मिळालेलं नसेल तर पद न घेणं सर्वांत सुरक्षित. तरीही घ्यावं लागत असेल, तर प्रशासनाचं काम टेन्युअरमध्ये कसं मोजलं जाईल याचा करारनामा डीनच्या सहीने हवा. अशा वेळी कौन्सिल ऑफ रायटिंग प्रोग्राम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स या संघटनेचे दोन दस्तऐवज हाताशी ठेवा. १९९२ चा पोर्टलंड ठराव डायरेक्टरच्या पदाला कोणत्या सोयी आणि अधिकार असावेत ते सांगतो. १९९८ चा दस्तऐवज हे काम बौद्धिक काम म्हणून मोजायची पाच खाती देतो: प्रोग्राम उभारणं, अभ्यासक्रमाची आखणी, शिक्षकांची घडण, मूल्यमापन, आणि प्रोग्रामसाठी केलेलं लेखन. करारनाम्यात ही पाच खाती जशीच्या तशी घाला आणि दरवर्षीचा अहवालही त्याच पाच मथळ्यांखाली लिहा. टेन्युअर समितीत रसायनशास्त्राचा प्राध्यापक बसलेला असेल. त्याला ‘खूप काम केलं’ हे समजत नाही, खाती समजतात.

पहिलं सत्र

पहिल्या सत्रात अभ्यासक्रमाला हात लावू नका. नवा डायरेक्टर आला आणि त्याने पहिल्याच महिन्यात पाठ्यपुस्तक बदललं, की दहा-दहा वर्षं शिकवणारे लेक्चरर मनाने बाजूला होतात, आणि मग पुढची तीन वर्षं प्रत्येक सूचनेला शांतपणे नकार मिळत राहतो. त्याऐवजी सगळे सिलॅबस गोळा करून वाचा. प्रत्येक शिकवणाऱ्याला अर्धा तास भेटा आणि दोनच प्रश्न विचारा: काय चाललंय ते बदलू नये असं वाटतं, आणि कशात सर्वांत जास्त वेळ वाया जातो? उत्तरं लिहून ठेवा. दुसऱ्या प्रश्नाला पाच जणांकडून एकच उत्तर आलं, तर ती गोष्ट आधी सोडवा. बहुधा ती अगदी साधी असते: फोटोकॉपीचा कोटा, बसायला टेबल नाही, किंवा पगाराचं पत्र उशिरा येतं.

रजिस्ट्रारच्या ऑफिसात वेळापत्रक सांभाळणाऱ्या व्यक्तीशी पहिल्या पंधरवड्यात स्वतः जाऊन ओळख करून घ्या.

तुकड्यांचा हिशोब

डायरेक्टरचं खरं काम या हिशोबात आहे, आणि पीएचडीत तो कुणी शिकवत नाही. एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू.

पहिल्या वर्षाला १२०० विद्यार्थी, तुकडीला २० ची मर्यादा, म्हणजे ६० तुकड्या. शिकवायला १४ टीए प्रत्येकी एक तुकडी, आणि ५ लेक्चरर प्रत्येकी तीन. सत्राला २९ तुकड्यांची सोय झाली. आता नेहमी होतं असं की बहुतेक मुलं ऑगस्टमध्येच हा वर्ग उरकायला बघतात, म्हणून फॉलला (ऑगस्टच्या सत्राला) ३६ तुकड्या उघडतात आणि स्प्रिंगला (जानेवारीच्या सत्राला) २४. फॉलमध्ये ७ तुकड्यांना माणूस नाही, म्हणून घाईघाईने अ‍ॅडजंक्ट शोधायचे. स्प्रिंगमध्ये ५ तुकड्या कमी, म्हणून त्याच अ‍ॅडजंक्टना जानेवारीत ‘काम नाही’ म्हणून कळवायचं, आणि एखाद्या लेक्चररचा करारातला भारही भरत नाही. दरवर्षी हाच घोळ होतो आणि सगळ्यांना तो नशिबाचा भाग वाटतो.

उपाय रजिस्ट्रारकडे आहे. अ‍ॅकॅडेमिक अ‍ॅडव्हायझरांशी बोलून ठरवा की अमुक विषयांचे विद्यार्थी हा वर्ग फॉलला घेतील आणि उरलेले स्प्रिंगला. वाटणी ३१ आणि २९ झाली, तर फॉलला फक्त २ तुकड्या बाहेरून भरायच्या राहतात आणि स्प्रिंगला काहीच नाही. यासाठी फॉलचं वेळापत्रक जायच्या आधी, म्हणजे साधारण आदल्या डिसेंबर-जानेवारीत, बोलणं सुरू व्हायला हवं. मार्चमध्ये विषय काढला तर वर्गखोल्या आधीच वाटून झालेल्या असतात.

दुसरी युक्ती: सगळ्या तुकड्या एकदम नोंदणीला उघडू नका. ३१ पैकी २६ उघडा, त्या भरत आल्या की एकेक पुढची. सगळ्या एकदम उघडल्या तर मुलं दुपारच्या सोयीच्या वेळा भरतात, सकाळी आठच्या तुकड्यांत सात-आठ नावं राहतात, आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात डीन त्या रद्द करतो. रद्द होणारी तुकडी बहुधा अ‍ॅडजंक्टची असते. त्याने सिलॅबस लिहिलेला असतो, दुसरीकडचं काम सोडलेलं असतं. निदान तीन आठवडे आधी न कळवता तुकडी रद्द झाली तर काही ठराविक रक्कम द्यायची, हा नियम डीनकडून लिहून घ्यायचा प्रयत्न करा. लगेच नाही मिळालं तरी दरवर्षी मागत राहा.

आता तुकडीच्या मर्यादेबद्दल. कॉलेजातल्या लेखनशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेची, १९४९ साली स्थापन झालेल्या सीसीसीसीची, भूमिका अशी आहे की लेखनाच्या वर्गात २० पेक्षा जास्त विद्यार्थी नसावेत, १५ असतील तर उत्तम, आणि एका शिक्षकाकडे सत्राला एकूण ६० हून जास्त लेखनविद्यार्थी नसावेत. पैशांची ओढाताण झाली की डीन म्हणतो, २० चे २२ करू, दोनच तर मुलं आहेत. अशा वेळी तत्त्वाची भाषा कामाला येत नाही. कागद पुढे ठेवा:

२२ ची मर्यादा केली तर ६० ऐवजी ५५ तुकड्या लागतील, म्हणजे बचत ५ तुकड्यांच्या पगाराची. तीन तुकड्या शिकवणाऱ्या लेक्चररकडे ६० ऐवजी ६६ विद्यार्थी येतील. सत्रात चार निबंध, प्रत्येकाचा मसुदा आणि अंतिम प्रत, प्रत्येक वाचनाला २० मिनिटं. सहा जादा विद्यार्थी गुणिले आठ वाचनं गुणिले वीस मिनिटं म्हणजे ९६० मिनिटं, सरळ १६ तासांचं बिनपगारी काम, दर सत्राला. ते कुणी करणार नाही. प्रत्यक्षात काय होईल, तर मसुदा वाचणं बंद होईल. आणि मसुदा वाचणं बंद झालं की हा वर्ग निव्वळ ग्रेड देण्याचा वर्ग उरतो.

हे एका पानावर मांडा, दोन पानं नकोत. दोन पानी निवेदनाला उत्तर म्हणून समिती नेमली जाते.

टीए घडवणं

ऑगस्टमधला प्रशिक्षणाचा आठवडा सिद्धांतांनी भरून टाकण्याचा मोह टाळा. सोमवारी वर्गात उभं राहायचं असलेल्या माणसाला शुक्रवारी लेखनप्रक्रियेचे संप्रदाय ऐकू येत नाहीत. पाच दिवसांचा साधा ठोकताळा असा: पहिल्या दिवशी प्रोग्राम, नियम आणि सिलॅबस, दुसऱ्या दिवशी पहिला निबंध आणि त्याची सूचनापत्रिका, तिसरा दिवस पूर्णपणे निबंध वाचण्या-तपासण्याला, चौथ्या दिवशी प्रत्येकाने दहा मिनिटांचा तुकडा शिकवून दाखवायचा, पाचवा दिवस कठीण प्रसंगांना, म्हणजे उशिरा येणारी मुलं, नक्कल, वर्गात रडणारा विद्यार्थी, आणि रायटिंग सेंटर नि समुपदेशन केंद्र कुठे आहे ते. पहिल्या दोन आठवड्यांचे धडे तासागणिक तयार करून हातात द्या. तिसऱ्या आठवड्यापासून त्यांनी स्वतः आखायचं. प्रशिक्षण एवढ्यावर संपवलं तर ऑक्टोबरमध्ये सगळं विसकटतं, म्हणून संपूर्ण पहिलं सत्र आठवड्याला एकदा दीड तासाचा प्रॅक्टिकम, म्हणजे शिकवण्याचा सराववर्ग, हवाच, आणि त्याला क्रेडिट हवं.

तपासण्याचा दिवस सगळ्यात महत्त्वाचा. चार जुने निबंध, नावं काढून, सगळ्यांना वाचायला द्या. प्रत्येकाने आधी स्वतंत्रपणे ग्रेड लिहायची, मगच फळ्यावर मांडायची. एकाच निबंधाला बी-प्लस आणि डी मिळालेलं फळ्यावर दिसलं की बोलणं आपोआप मुद्द्यावर येतं. डी देणारा बहुतेकदा व्याकरण मोजत असतो आणि बी-प्लस देणारा विचार. प्रोग्रामला काय अभिप्रेत आहे ते तेव्हा सांगा, आधी नाही.

भारतातून आलेल्या टीएंना इथे एक गोष्ट मुद्दाम मोडावी लागते. शाळेपासून आपण पेपर तपासणं म्हणजे चुका शोधून गुण कापणं असं पाहत आलोय. लाल पेनने प्रत्येक स्वल्पविराम दुरुस्त केला की काम चोख झाल्यासारखं वाटतं. पण चाळीस खुणा असलेला मसुदा परत मिळाला की विद्यार्थी त्या चाळीस जागा दुरुस्त करतो आणि मांडणीला हातही लावत नाही, आणि शिक्षकाची एका निबंधावर वीसऐवजी चाळीस मिनिटं जातात. ६० निबंधांच्या गठ्ठ्याला हा फरक २० तासांचा आहे. म्हणून मर्यादा घालून द्या: शेवटी एक परिच्छेदाचा अभिप्राय, त्यात नेमकं काय जमलंय ते एक आणि पुढच्या मसुद्यात बदलायच्या दोन गोष्टी. भाषेची एकच वारंवार येणारी चूक निवडायची, एका परिच्छेदात खूण करून दाखवायची आणि बाकीच्या त्याला शोधायला लावायच्या.

अभिप्राय कसा असावा हे शब्दांत दाखवावं लागतं. समजा विद्यार्थ्याने शहरातल्या बससेवेवर लिहिलंय. समासात ‘अस्पष्ट’ असं लिहून त्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी: ‘दुसऱ्या परिच्छेदात तुम्ही म्हणता की भाडं जास्त आहे म्हणून लोक बसने जात नाहीत. चौथ्यात म्हणता की बस वेळेवर येत नाही म्हणून जात नाहीत. यातलं मुख्य कारण कोणतं असं तुमचं म्हणणं आहे? ते ठरवा आणि पहिला परिच्छेद त्याप्रमाणे पुन्हा लिहा.’ हे वाचून विद्यार्थी त्याच संध्याकाळी कामाला लागू शकतो.

परदेशी टीएंच्या उच्चारांबद्दल पहिल्या दोन आठवड्यांत तक्रारी येतात. टीएला एकटं सोडू नका. बऱ्याचदा अडचण उच्चाराची नसतेच. ‘एनी डाउट्स?’ हे आपल्या वर्गांतलं रोजचं वाक्य अमेरिकन मुलाला ‘माझ्यावर शंका आहे का?’ असं ऐकू येतं आणि वर्ग गप्प बसतो. ‘एनी क्वेश्चन्स’ म्हणा, सूचना फळ्यावर लिहा, महत्त्वाचं वाक्य दोनदा म्हणा. इतकं केलं की बहुतेक तक्रारी तिसऱ्या आठवड्यापर्यंत विरतात.

वर्गनिरीक्षण पाचव्या ते आठव्या आठवड्यात करा. आधी पंधरा मिनिटांची भेट: आज काय करणार, मी कशाकडे लक्ष देऊ? मग पूर्ण तास बसा आणि मिनिटांनिशी नोंदी घ्या. दोन दिवसांच्या आत पुन्हा भेट, आणि नंतर एक पानाचं पत्र. त्या पत्राची प्रत टीएला नोकरीच्या अर्जात लागते, म्हणून ते नेमकं लिहा. ‘उत्तम शिक्षक’ या दोन शब्दांपेक्षा ‘१०:२० ला गटचर्चा अडकली तेव्हा तिने प्रश्न बदलला आणि तीन गट पुन्हा बोलू लागले’ हे वाक्य जास्त कामाचं.

तक्रारी, नक्कल आणि एआय

ग्रेडच्या तक्रारीची पद्धत सिलॅबसमध्येच छापा. विद्यार्थी आधी शिक्षकाला भेटेल, मग डायरेक्टरला लेखी कळवेल. सोबत सूचनापत्रिका, तपासलेला निबंध आणि ग्रेड का चुकीची वाटते याचं एक पान. हे पान मागितलं की निम्मा राग कागदावर उतरून जातो. डायरेक्टरने ग्रेड स्वतः बदलायची नसते. तुमच्याच प्रोग्रामचे निकष शिक्षकाने पाळले का, एवढंच तपासा आणि दहा कामाच्या दिवसांत लेखी उत्तर द्या. पालकांचा फोन आला तर विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय त्याच्या कामाबद्दल एक शब्दही बोलू नका. १९७४ चा फर्पा कायदा कॉलेजातल्या विद्यार्थ्याची माहिती त्याच्या स्वतःच्या मालकीची मानतो. आपल्याकडे आई-वडिलांना सगळं सांगणं स्वाभाविक असतं, म्हणून मराठी टीएंना हे ऑगस्टमध्येच स्पष्ट सांगावं लागतं.

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि डायरेक्टरच्या टेबलावर नव्या फाइलींचा ढीग लागला. एक नियम पक्का ठेवा: एआय ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचा आकडा हा एकटा पुरावा धरायचा नाही. ओपनएआयने स्वतःचं असं साधन जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात साधनं तपासली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेलसाठी लिहिलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून जास्त निबंध त्या साधनांनी सरासरी यंत्राचे ठरवले. कारण समजण्यासारखं आहे. बेताचा शब्दसंग्रह आणि साधी, ठरीव वाक्यरचना यंत्रालाही सोपी आणि परक्या भाषेत लिहिणाऱ्यालाही. पुण्या-नागपूरहून गेलेल्या मुलावर असा खोटा आळ येण्याचा धोका यात थेट आहे.

मग करायचं काय? निबंधाला टप्पे पाडा. विषयाची निवड वर्गात हाताने लिहून, पहिला मसुदा तिसऱ्या आठवड्यात, पंधरा मिनिटांची प्रत्यक्ष भेट, मसुद्यांचा इतिहास दिसेल अशी फाइल. शंका आलीच तर शिक्षकाने विद्यार्थ्याला बोलावून निबंधाबद्दल विचारावं: हा स्रोत कसा सापडला, हा परिच्छेद कुठून कुठे हलवला? ज्याने लिहिलंय त्याला सांगता येतं.

मूल्यमापन

आपल्याकडच्या नॅकसारख्या मान्यता देणाऱ्या संस्था अमेरिकेतही येतात, आणि विद्यार्थी काय शिकले याचा पुरावा मागतात. लेखनात काय शिकवलं जावं याचं कौन्सिलचं निवेदन २००० साली तयार झालं, त्याची सध्याची आवृत्ती २०१४ ची. त्यातली सगळी उद्दिष्टं एका वर्षी मोजायला गेलात की हाती काहीच लागत नाही. वर्षाला एकच घ्या, उदाहरणार्थ ‘स्रोतांचा वापर’.

साठ तुकड्यांतून यादृच्छिक पद्धतीने शंभर निबंध काढा, विद्यार्थी आणि शिक्षक दोघांची नावं पुसा. आठ वाचक, एक ते चारची मोजपट्टी, प्रत्येक निबंध दोघांनी वाचायचा. म्हणजे दोनशे वाचनं, प्रत्येकाला पंचवीस, वाचनाला बारा मिनिटं धरली तर माणशी पाच तास. सकाळी दीड तास तीन नमुना निबंधांवर एकमत करण्यात घालवा, मग उरलेलं एका दिवसात बसतं. दोन वाचकांत एकपेक्षा जास्त अंकांचा फरक आला तर तिसऱ्याकडे. वाचकांना पैसे द्या, विशेषतः अ‍ॅडजंक्टना. हे आकडे कोणत्याही एका शिक्षकाला तोलायला वापरणार नाही, हे सुरुवातीलाच लिहून द्या आणि पाळा. एकदा जरी मोडलं, तरी पुढच्या वर्षी तुमच्याकडे फक्त निवडक चांगले निबंध येतील.

अहवालाचा शेवट एका बदलाने व्हावा. ‘मुलं उतारे देतात पण त्यांचा अर्थ सांगत नाहीत’ असं दिसलं, तर तिसऱ्या निबंधाची सूचनापत्रिका बदला आणि दोन वर्षांनी तेच उद्दिष्ट पुन्हा मोजा.

टिकून राहणं

या पदावर माणूस मोठ्या संकटांनी क्वचित थकतो. दिवसाला चाळीस छोट्या निर्णयांनी थकतो. आठवड्यातल्या दोन सकाळी स्वतःच्या लेखनासाठी कॅलेंडरवर आधीच भरून ठेवा आणि त्या वेळी मेल उघडू नका. सारखे सारखे येणारे प्रश्न, म्हणजे ट्रान्स्फर क्रेडिट, उशिरा नोंदणी, तुकडी बदलणं, यांची उत्तरं साच्यात तयार ठेवा, म्हणजे मदतनीस ती पाठवू शकेल. प्रत्येक अपवादात्मक निर्णय एका वहीत किंवा फाइलीत तारखेसह नोंदवा: कुणाला काय सूट दिली आणि का. दोन वर्षांनी तसाच प्रसंग येतो तेव्हा ही नोंद अन्याय टाळते.

संशोधन वेगळं शोधायला जाऊ नका, ते कामातच आहे. मात्र विद्यार्थ्यांचे निबंध किंवा टीएंच्या मुलाखती पुढे प्रकाशनात वापरायच्या असतील, तर गोळा करण्याआधी विद्यापीठाच्या आयआरबीची, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मान्यता देणाऱ्या मंडळाची, परवानगी घ्या. मूल्यमापनासाठी जमवलेला मजकूर नंतर संशोधनात वापरू म्हटलं तर बऱ्याचदा नाही म्हणतात, आणि दोन वर्षांचं काम अडकतं. कौन्सिलच्या उन्हाळी परिषदेला नव्या डायरेक्टरांसाठी कार्यशाळा असते. पहिल्या दोन वर्षांत एकदा तरी जा. प्रोग्राम डीनच्या नजरेत घसरतोय असं वाटलं तर कौन्सिलमार्फत बाहेरचे अनुभवी परीक्षक बोलावता येतात. तीच गोष्ट पाहुण्याने लेखी सांगितली की तिचं वजन वाढतं.

भारतात परतायचा विचार असेल तर वाट आहे. सोनीपतच्या अशोका विद्यापीठात लेखनासाठी स्वतंत्र केंद्र आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर भाषिक क्षमतेच्या अभ्यासक्रमांना पदवीत जागा मिळाली आहे. पण भारतातल्या बऱ्याच कॉलेजांत वर्ग साठ ते शंभरचा असतो, म्हणून वरचा मसुद्यांचा हिशोब जसाच्या तसा नेऊ नका. शंभराच्या वर्गात मसुदा शिक्षकाने वाचायचा म्हटलं तर एका गठ्ठ्यालाच तेहतीस तास लागतील. मुलांनी ठरवून दिलेल्या तीन प्रश्नांवर एकमेकांचे मसुदे वाचायचे आणि शिक्षकाने प्रत्येक वेळी वेगळ्या वीस जणांचे, असं बसवता येतं. ते तीन प्रश्न मराठीत लिहून मराठीच्या वर्गालाही वापरा.

पद तीन वर्षांसाठी घ्या, फार तर आणखी तीन. दुसऱ्या वर्षापासूनच पुढच्या माणसाला तयार करायला लागा, आणि हस्तांतराची फाइल भरत राहा: वर्षाचं महिनावार कॅलेंडर, मागच्या पाच वर्षांतल्या तुकड्यांचे आकडे, डीनने लेखी मान्य केलेली प्रत्येक गोष्ट, मूल्यमापनाचे अहवाल, अपवादांची नोंद, उत्तरांचे साचे, आणि प्रत्येक लेक्चररला कोणत्या वेळा जमत नाहीत व का, म्हणजे कुणाला सकाळी मुलाला शाळेत सोडायचं असतं आणि कुणाला मंगळवारी दुसऱ्या कॉलेजात शिकवायला पन्नास मैल जायचं असतं.